मदत हवी आहे: घट्ट केलेलं पाणी परत पातळ होतंय (सेरेब्रल पाल्सी, वय १३)

मिरजेची_काकू

नमस्कार मंडळी. पुतणीला सेरेब्रल पाल्सी आहे. वय १३, वजन १९ किलो. चालत-बोलत नाही, पण समजतं सगळं. नको असलं की तोंड गच्च मिटते. पातळ पाण्याचा ठसका लागायचा, म्हणून स्पीच थेरपिस्टनी तपासून पाणी 'लेव्हल २' (घट्टपणाच्या मोजपट्टीवरची पायरी, साधं पाणी म्हणजे शून्य) इतकं घट्ट करून द्यायला सांगितलंय. त्यासाठी थिकनर पावडर ऑनलाइन मागवली. साध्या पाण्यात ती छान बसते. पण बद्धकोष्ठतेसाठी डॉक्टरांनी दिलेली पावडर (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) त्याच पाण्यात घातली, की थोड्या वेळात सगळं परत पाण्यासारखं. थिकनर वाढवला तर गुठळ्या होतात.

बाकी माहिती: शी चार-पाच दिवसांनी, मध्येच दोन दिवस पातळ, चड्डीला लागत राहते. तेव्हा आम्ही ती पावडर थांबवतो. एक जेवण ४५-५० मिनिटं चालतं. आकडीची गोळी (सोडियम व्हॅल्प्रोएट) कुटून मधातून देतो. सासूबाई म्हणतात, या पावडरी सोडा आणि एरंडेल द्या. शेजारच्यांनी एक पांढरं रेचक सुचवलंय. काय करावं?

घास_घोट

ताई, आधी थिकनरच्या डब्यावरचे घटक वाचा. 'मॉडिफाइड स्टार्च' किंवा 'मेझ स्टार्च' लिहिलंय की 'झँथन गम'? माल्टोडेक्स्ट्रिन दोन्हीत असू शकतं, त्यावरून ठरवू नका.

मिरजेची_काकू

मॉडिफाइड मेझ स्टार्च आहे. गम कुठेच नाही.

घास_घोट

मग कारण तेच. स्टार्चने घट्ट केलेल्या पाण्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल पडलं की स्टार्चची पकड सुटते आणि पाणी पातळ होतं. तुमचं माप चुकत नाहीये, या दोन पावडरींचं एकमेकींशी जमतच नाही. गिळायला त्रास असलेल्यांसाठी हे धोक्याचं आहे, कारण वाटीत घट्ट दिसलेला घोट तोंडात जाईपर्यंत पातळ झालेला असतो. थिकनर वाढवून हे सुटणार नाही.

थेरपिस्टशी बोलून झँथन गमचा थिकनर घ्या. माप नव्याने बसवावं लागेल, जुने चमचे चालणार नाहीत. रेचकाची पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग थिकनर घाला, आणि दर वेळी तपासूनच द्या. नवा डबा येईपर्यंत ही पावडर कशी द्यायची किंवा तिच्याऐवजी काय, हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. मनाने बंद करू नका.

तपासायची रीत: १० मिलीची सिरिंज, सुई नको, दट्ट्या काढून टाका. शून्य ते १० च्या खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते ६१.५ मिमी हवं. आपल्याकडे सगळ्या कंपन्यांच्या सिरिंजा सारख्या नसतात आणि लांबी बदलली की उत्तर चुकतं. खालचं भोक बोटाने दाबून १० मिलीपर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंदांनी परत दाबा. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर ते साधं पाणीच. १ ते ४ उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ उरलं तर लेव्हल २, ८ च्या पुढे लेव्हल ३. तुम्हाला ४ ते ८ हवंय. कालवल्यावर डब्यावर दिलेला वेळ थांबून एकदा मोजा, आणि घोट-घोट पाजायला लागतो तेवढ्या वेळाने पुन्हा मोजा.

स्टार्चचा आणखी एक घोळ म्हणजे लाळ. लाळेतलं अमायलेझ स्टार्च फोडतं. तोच चमचा तोंडातून वाटीत, वाटीतून तोंडात फिरला की दहा मिनिटांत वाटी पातळ. नाचणीची पेज, तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर यांचंही हेच होतं. म्हणून मोठ्या वाटीतून थोडं-थोडं छोट्या वाटीत काढून घ्या आणि उष्टा चमचा मोठ्या वाटीत घालू नका.

औषधांची_फडताळ

एरंडेल नको. आणि त्या पांढऱ्या रेचकाच्या बाटलीवर 'लिक्विड पॅराफिन' आहे का बघा, असेल तर तेही नको. तेल श्वासनलिकेत गेलं तर बरेचदा ठसकासुद्धा लागत नाही, ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि तिथे सूज धरतं. तोंड मिटणाऱ्या मुलीला नाक दाबून तेल पाजणं तर अजिबात नको. सासूबाईंना एवढंच सांगा, की तेल पोटात जाईल याची खात्री नाही.

पातळ शी झाली म्हणून पावडर थांबवणं उलटं पडतंय असं वाटतं. खाली कडक खडा अडकलेला असतो आणि वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. ते जुलाब नव्हेत, बद्धकोष्ठताच. पावडर थांबवली की खडा आणखी घट्ट. डॉक्टरांना पोट तपासायला सांगा. खडा असेल तर आधी मोठ्या डोसने तो काढतात आणि मग रोजचा डोस महिनोन् महिने चालू ठेवतात. तो मोठा डोस घरी ठरवायचा नाही. लाळ कमी करायचं किंवा स्नायू सैल करायचं औषध चालू आहे का? ग्लायकोपायरोलेट आणि ट्रायहेक्सिफेनिडिल, दोन्हींनी शी घट्ट होते. लोहाच्या गोळीनेही.

आता आकडीची गोळी. व्हॅल्प्रोएटच्या बऱ्याच गोळ्यांना पोटात न विरघळणारं आवरण असतं, काही हळूहळू सुटणाऱ्या असतात. पाकिटावर 'एंटेरिक कोटेड', 'सीआर' किंवा 'क्रोनो' असेल तर कुटायची नाही. कुटली की औषध एकदम सुटतं, पोट बिघडतं, आणि पुढच्या डोसआधी रक्तातलं प्रमाण खाली येऊन आकडी येऊ शकते. सिरप मिळतं, पण दिवसातल्या वेळा बदलतात, म्हणून बदल न्यूरॉलॉजिस्टकडूनच. तोवर गोळी एकदम बंद करू नका. सिरपही पातळच असतं हे लक्षात ठेवा. ठरलेला डोस चमचाभर घट्ट खाण्यातच मिसळून द्या, पूर्ण वाटीत मिसळलंत आणि तिने अर्धी वाटी सोडली तर डोसही अर्धाच गेला.

पाठ_ताठ

पन्नास मिनिटं जेवण म्हणजे बसणं आधी बघा. कंबर आणि गुडघे काटकोनात, तळवे टेकलेले (लोंबकळणारे पाय नकोत, खाली पाट ठेवा), डोकं मधोमध, हनुवटी किंचित खाली. मांडीवर आडवं घेऊन किंवा मान मागे टाकून भरवलं की श्वासनलिकेची वाट सताड उघडी राहते. भरवणाऱ्याने समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं. उभं राहून भरवलं की ती वर बघते आणि मान आपोआप मागे जाते.

चमचा उथळ, सिलिकॉनचा. समोरून, खालच्या बाजूने आत, जिभेच्या मधल्या भागावर हलकं दाबून सरळ बाहेर. घास वरच्या दातांना खरवडून काढायचा नाही, त्याने जबडा गच्च आवळला जातो. चमचा दातांत अडकलाच तर ओढू नका, जबडा सैल होईपर्यंत थांबा. पातळ वरणात भाताची शितं, दुधात पोहे, ताकात कण्या असे दोन पोत एकत्र सर्वांत अवघड. पातळ भाग आधी घशात जातो आणि घन भाग तोंडातच राहतो. वरणभात मऊ गुरगुट्या करून एकजीव करा, वर तूप. चमचाभर तुपाने ४०-४५ कॅलरी वाढतात. सातू किंवा शेंगदाण्याचं कूट कोरडं वरून भुरभुरू नका.

जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा. त्यातच सोयीचं म्हणजे खाल्ल्यावर १५-२० मिनिटांनी आतडी आपोआप हलतात, तेव्हा पाय टेकवून पाच-दहा मिनिटं कमोड खुर्चीवर बसवा. रोज तीच वेळ.

मिरजेची_काकू

खूप आभार सर्वांचे. न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीये, डॉक्टरांनाही फोन करते. एक राहिलं: ठसका लागला नाही म्हणजे घास नीट गेला असं धरायचं का?

घास_घोट

नाही धरायचं. काही मुलांना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येत नाही. खाताना-पिताना डोळ्यांत पाणी, घोटानंतर आवाज ओला, घशात घरघर, श्वास भरभर, वारंवार ताप, छातीत कफ यांतलं काही दिसलं तर व्हिडिओफ्लुरोस्कोपी मागा. बेरियम मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेवर बघतात. ती सोय नसेल तर कान-नाक-घसावाले नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात, चिठ्ठी तिथून मिळू शकेल. जाताना तीन दिवसांची नोंद न्या: काय खाल्लं, किती मिनिटं लागली, ठसका कशाला, शी कधी आणि कशी. वजन-उंचीचे जुने आकडे असतील तर तेही. १३ व्या वर्षी १९ किलो आणि जेवणाला अर्ध्या तासाच्या वर वेळ, म्हणजे पोटावरून थेट जठरात अन्न घालायच्या नळीचा विषय डॉक्टर काढतील. तो निघाला म्हणून घाबरू नका. पोट नळीने भरलं तरी जिभेवर चवीपुरतं श्रीखंड चालतं का, हे त्या तपासणीतच विचारून घ्या.

ओठ निळसर पडले, किंवा ताप असून श्वास भरभर चालला, तर वेळ घेऊन जायचं नाही, थेट तातडीच्या विभागात न्यायचं.

औषधांची_फडताळ

दात राहिले. तोंडातली घाणच लाळेबरोबर छातीत उतरते, त्यामुळे दोन वेळा ब्रश, बसवून, वाटाण्याएवढीही पेस्ट नको, नुसता डाग पुरे. चूळ भरता येत नसेल तर बोटाला गॉज गुंडाळून पुसून घ्या, पण दातांच्या बाहेरच्या बाजूनेच, गालाच्या खोबणीतून. आतल्या बाजूला बोट घालू नका, चावलं जाईल.