अमेरिकी सिनेटरने पक्ष बदलला, तर मतदारांनी काय करावे?

प्रश्न: अमेरिकेत निवडून आल्यानंतर सिनेटरने पक्ष बदलला, तरी त्याचे पद कायम राहते. मग ज्यांनी पक्ष पाहून मत दिले, त्या मतदारांच्या हाती कोणता उपाय उरतो?

प्रतिसाद १: पक्षांतरामुळे सदस्यत्व रद्द करणारा कायदा तेथे नाही. उपाय उरतो तो पुढच्या निवडणुकीचा, विशेषतः पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीचा. पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर २००९ मध्ये रिपब्लिकन पक्ष सोडून डेमोक्रॅटिक पक्षात गेले आणि २०१० मध्ये नव्या पक्षाच्याच मतदारांनी त्यांना नाकारले.

प्रतिसाद २: परंतु तोपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते. २००१ मध्ये सिनेट ५०-५० अशी विभागलेली असताना व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडून अपक्ष झाले, डेमोक्रॅट सदस्यांच्या गटात बसू लागले आणि एका माणसाच्या निर्णयाने सभागृहाचे नियंत्रण, समित्यांच्या अध्यक्षपदांसह, दुसऱ्या पक्षाकडे गेले. मला सर्वांत सचोटीचे वाटते ते टेक्सासच्या फिल ग्रॅम यांचे वागणे: १९८३ मध्ये त्यांनी प्रतिनिधीगृहाच्या जागेचा राजीनामा दिला, रिपब्लिकन म्हणून पोटनिवडणूक लढवली आणि तीच जागा पुन्हा जिंकली.

प्रतिसाद ३: पक्षात राहून विरोधी मत देणाऱ्यांनाही किंमत मोजावी लागते. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या रिपब्लिकन प्रतिनिधी लिझ चेनी २०२२ मध्ये वायोमिंगची प्राथमिक निवडणूक हरल्या. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की मात्र २०१० मध्ये प्राथमिक फेरीत हरल्या, तरी मतपत्रिकेवर नाव छापलेले नसताना मतदारांनी ते स्वतःच्या हाताने लिहून त्यांना निवडून दिले.