ओकमध्ये मुरवलेली शिराझ आणि कोल्हापुरी मटण: जोडी जमेल का?

प्रश्न (रंकाळाकाठ):
रविवारी घरी मटणाचा बेत आहे आणि एक स्नेही नाशिकची, ओकच्या पिंपात मुरवलेली शिराझ ही लाल वाइन घेऊन येणार आहेत. ही वाइन मी पूर्वी चाखली आहे. रंग जवळजवळ जांभळा, वास पिकलेल्या जांभळांचा आणि काळ्या मिरीचा, आणि घोट घेतल्यावर हिरड्या कोरड्या पडतात. मात्र तांबड्या रश्श्याबरोबर घेतली, तेव्हा रस्सा जाळ झाला आणि वाइन कडवट लागली. दोष वाइनचा की बेताचा? पंगतीला काही शाकाहारी मंडळीही आहेत.

प्रतिसाद (द्राक्षबाग):
दोष दोघांचाही नाही, जोडी चुकली आहे. हिरड्या कोरड्या पडतात त्या टॅनिनमुळे. द्राक्षाच्या साली-बियांतून आणि थोडे ओकच्या लाकडातून उतरणारे हे द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटते. मटणातली प्रथिने आणि चरबी तोंडात असली, की त्याचा जोर तिकडे खर्च होतो आणि तीच वाइन मऊ लागते. मिरचीपुढे मात्र उलटे घडते, कारण अशा वाइनमधले १३-१४ टक्के अल्कोहोल मिरचीची आग वाढवते आणि त्या आगीत फळाची चव हरवून मागे केवळ तुरटपणा उरतो.

म्हणून मटण सुके करावे. कांदा आणि सुके खोबरे खरपूस भाजून घ्यावे, मिरचीचा हात आखडता ठेवावा आणि शेवटी जाडसर कुटलेली मिरी सढळ हाताने घालावी. शिराझमधला मिरीचा वास हा नुसता भास नव्हे. रोटुंडोन नावाचे जे संयुग मिरीला तिचा वास देते, तेच शिराझ द्राक्षाच्या सालीत असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केले. काही जणांच्या नाकाला तो वास मुळीच जाणवत नाही, त्यामुळे पंगतीत यावर वाद झाल्यास नवल वाटू देऊ नये.

प्रतिसाद (पिंपळपार):
तापमानाकडेही लक्ष द्यावे. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्याकडे तिशीपार गेलेल्या खोलीत तिच्यातला अल्कोहोलच आधी नाकात शिरतो. फ्रिजमध्ये ठेवून ती १६ ते १८ अंशांवर आणावी. त्याहून गार केल्यास टॅनिन अधिकच बोचते.

प्रतिसाद (खलबत्ता):
सुक्या मटणाचा सल्ला योग्य आहे, पण कोल्हापूरकराच्या ताटातली मिरची वाइनसाठी कमी करणे मला पटत नाही. त्यापेक्षा शिराझ जेवणाआधी, मीठ-मिरी लावून तव्यावर परतलेल्या चापांबरोबर किंवा मुरलेल्या चेडार चीजबरोबर संपवावी. तांबड्या रश्श्याला वाइन हवीच असेल, तर नाशिकचीच किंचित गोडसर चेनिन ब्लां ही पांढरी वाइन चांगली गार करून द्यावी. तिच्या गोडव्याने तिखट सुसह्य होते.

शाकाहारी मंडळींसाठी भरली वांगी करावीत. तेल आणि दाण्याचे कूट टॅनिनला बऱ्यापैकी आवरतात. फक्त गूळ बेताने घालावा, कारण पदार्थ गोड झाला की वाइन आंबट आणि रुक्ष लागते. सुरमईची तुकडी मात्र या बेतात नको. लाल वाइनमधल्या लोहामुळे मासळीबरोबर तोंडात धातूसारखी, हिवसट चव येते.

रंकाळाकाठ:
चाप आधी आणि तांबडा रस्सा नंतर, हे पटले. पांढरा रस्सा शिराझबरोबर चालेल का?

द्राक्षबाग:
चालेल, कारण त्यात मिरची नाममात्र आणि नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा भरपूर असतो. मात्र तो पातळ व सौम्य असल्याने वाइन त्याच्यावर सहज मात करते. वाटीत मटणाचे तुकडे आणि वरून थोडी मिरीपूड असेल, तरच तो टिकाव धरेल.