मदत हवी आहे: एकाच टॅरो कार्डावरून हो की नाही कसं ठरवता?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते. माझ्याकडे रायडर-वेट नावाच्या प्रचलित पद्धतीचा ७८ टॅरो कार्डांचा संच आहे. सूर्य आला की हो, कोसळता मनोरा आला की नाही, इथवर ठीक. पण काल धाकट्या जावेनं विचारलं, "वहिनी, हिंजवडीची नोकरी सोडू का?" आणि निघाली तलवारींची दुर्री. डोळ्यांवर पट्टी, छातीशी आडव्या धरलेल्या दोन तलवारी. यात हो कुठलं नि नाही कुठलं? तिच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये मला. अशा वेळी तुम्ही दुसरं कार्ड काढता, की प्रश्नच बदलून "सोडण्याआधी काय बघू?" असं विचारता? मला प्रश्न बदलणंच जास्त पटतं. आणि उलटं, म्हणजे चित्राचं डोकं खाली आलेलं कार्ड सरसकट 'नाही' धरता का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.