मदत हवी आहे: हलगी-संबळचे सॅम्पल कसे लावून ठेवता?

रीपर (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) वापरतो, विंडोजवर. हलगी, संबळ, ताशाची स्वतः केलेली रेकॉर्डिंग्ज आता लॅपटॉपमध्ये मावेनात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ वेव्ह म्हटलं की मिनिटाला १७ एमबी जातातच. सगळं एक्स्टर्नल एसएसडीवर हलवायचंय, पण फाइलची जागा बदलली की जुने प्रोजेक्ट अडून बसतात. ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करता येतो, हे माहीत आहे. मग तोच ताशा दहा ठिकाणी साठतो! तुम्ही काय करता?

दुसरं, फोल्डर वाद्यानुसार लावावेत की टेम्पोनुसार? तयार सॅम्पल पॅकमधली किक-स्नेअरची (ड्रमसेटमधल्या ड्रमची) विभागणी संबळाला लागूच पडत नाही, त्याची दोन्ही तोंडं वेगळी बोलतात. फाइलच्या नावात बीपीएम (मिनिटाला किती ठोके), ताल, माइक असं लिहिणारं कुणी असेल तर एखादा नमुना टाका ना.