मदत हवी आहे: जीपच्या इंजिनावर सॉ मिल चालवतोय, ओंडका लागला की फेऱ्या कोसळतात

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात आमची वडिलांच्या वेळेपासूनची छोटी सॉ मिल आहे. परवाना रीतसर आहे. ३६ इंची चाकांचा एक बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याची करवत) आणि त्याला २० एचपीची थ्री फेज मोटर, एवढाच पसारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. लोकांच्या दारातले फणस, आंबे मुळासकट आडवे झालेले. ‘निदान दाराच्या फळ्या तरी काढून द्या’ म्हणून माणसं टेम्पोत ओंडके घालून यायची आणि मला त्यांना परत पाठवावं लागायचं. पावसात पडलेला आंबा फार दिवस थांबत नाही, निळा पडतो, भुंगा लागतो. ती लाकडं डोळ्यांदेखत गेली. विजेवर एकट्यावर मिल ठेवायची नाही, हे तेव्हाच मनाशी ठरवलं.

आता घरची जुनी जीप नोंदणी रद्द करून मोडीत काढली. तिचं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन चांगलं आहे. धूर नाही, ऑइल खात नाही, सकाळी अर्ध्या सेल्फला उठतं. ते काढून चॅनेलच्या फ्रेमवर, काँक्रीटच्या कट्ट्यावर बसवलंय. क्लच आणि गिअरबॉक्स मुद्दाम ठेवलेत, कारण बँडसॉची जड चाकं उभ्या इंजिनाला एकदम उचलत नाहीत. टॉप गिअर थेट आहे, म्हणजे इंजिनाच्याच वेगाने फिरतो, म्हणून तोच टाकतो. गिअरबॉक्सच्या मागे थेट पुली लावली नाही. पट्ट्याची आडवी ओढ त्या बेअरिंगला सोसणार नाही, असं आमच्या मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट, पुढे दोन प्लमर ब्लॉकवर (बैठकीच्या बेअरिंगवर) वेगळा शाफ्ट आणि त्यावर पुली.

मोटरवर ८ इंची पुली आहे आणि बँडसॉवर १८ इंची. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे चाक ६४० ने फिरतं आणि पातं मिनिटाला साधारण सहा हजार फूट धावतं. इंजिनालाही तीच ८ इंची पुली लावली आणि ॲक्सिलरेटरची तार १४५० वर बांधून टाकली.

आता अडचण सांगतो. रिकामं चालताना फेऱ्यांच्या मीटरची सुई जागची हलत नाही. बारा इंची आंब्याचा ओंडका पुढे सरकवला की इंजिनाचा आवाज जड होतो आणि सुई १४०० वरून १२००, मग ९०० वर येते. तेवढ्यात पातं कापात नागमोडी चालायला लागतं, फळी एका टोकाला इंचाची तर दुसऱ्या टोकाला सव्वा इंचाची निघते. तार हाताने ओढली तर इंजिन सावरतं, पण ओंडका संपला की तेच इंजिन २३०० पर्यंत बोंबलत जातं. काल एकदा पातं चाकावरून पुढे सरकलं. पोरगा बाजूला उभा होता म्हणून वाचला. तेव्हापासून काम बंद ठेवलंय. कागदावर साठेक घोड्यांचं इंजिन वीस घोड्यांच्या मोटरीपुढे असं का गळपटतं?

दुसरं म्हणजे पाणी. जीपचा रेडिएटर भुशाने तासाभरात चोंदायचा, म्हणून तो काढला आणि दोनशे लिटरचं पिंप जोडलं. पाऊण तासात पिंप वाफाळतं.

आंब्याच्या पेट्यांचं काम तोंडावर आलंय. कृपया जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद (पंप-नोझलचं काम करणारा, कोल्हापूर)

दादा, इंजिन कमी पडलेलं नाही, त्याला गव्हर्नर (वेगानुसार डिझेल कमीजास्त करणारा भाग) चुकीचा आहे. गाडीच्या बऱ्याच डिझेल पंपांचा गव्हर्नर दोनच कामं करतो. आयडलला इंजिन बंद पडू देत नाही आणि वरच्या टोकाला मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. मधला सगळा वेग ड्रायव्हरचा पाय सांभाळतो. तुम्ही पाय काढून तार बांधली, म्हणजे डिझेलचं माप बांधलंत, वेग नाही. ट्रॅक्टरच्या पंपावर कुठल्याही वेगाला धरून ठेवणारा गव्हर्नर असतो, म्हणून थ्रेशर लावला तरी ट्रॅक्टर तसा कोसळत नाही. तुमच्या पंपाच्या मागच्या टोपणातून इनटेकच्या घशाकडे बारीक नळी जाते का बघा. जात असेल तर तो व्हॅक्युमवरचा गव्हर्नर, तो मधला वेगही धरतो, म्हणजे त्यातच काही बिघाड असणार, तो आधी तपासून घ्या. नळी नसेल तर पंप उतरवून पंपरूमला न्या आणि सर्व वेगांचा गव्हर्नर त्याच बॉडीला बसतो का विचारा. दुसरा पंप घालायचा झाला तर फिरण्याची दिशा, डिझेलचं माप आणि टायमिंग तिन्ही जुळलं पाहिजे. नुसता ‘बसतो’ म्हणून बसवू नका.

घोड्यांचं म्हणाल तर ते साठ घोडे ३२०० फेऱ्यांवरचे. १४५० वर जेमतेम निम्मे मिळतात. शिवाय मोटर क्षणभर दुपटीने ताण घेते, इंजिनाला ते जमत नाही. इंजिन १८०० वर चालवा. पण त्यासाठी छोटी पुली आणखी छोटी करू नका, सी सेक्शनचा (जाड मापाचा) व्ही पट्टा तिच्यावर दुमडून तापतो. बँडसॉवरची मोठी पुली साडेबावीस इंची करा. १८०० ला ८ इंची, चाक पुन्हा ६४०. वीज असेल तेव्हा मोटरला १० इंची लावलीत की तोच हिशोब जुळतो.

पिंपाचा नाद सोडा. इंजिन जेवढी ताकद बाहेर देतं, जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात टाकतं. दोनशे लिटर तासाभरात उकळणारच. रेडिएटर परत लावा, पंख्याभोवती पत्र्याचं कडं ठेवा आणि इंजिनाची खोली मिलपासून भिंतीने तोडा. हवा बाहेरच्या बाजूने जाळीतून घ्या. सायलेन्सर छपराच्या वर न्या आणि पत्र्यातून जातो तिथे त्याच्याभोवती हातभर मोकळी जागा सोडा. कोरडा भुसा सायलेन्सरवर साचला तर आग लागायला वेळ लागत नाही.

सगळ्यात आधी एक करा. पंपाच्या स्टॉप लिव्हरला दोरी बांधून ती ओंडका सरकवणाऱ्या माणसाच्या हाताशी आणा. गाडीत ऑइलचा दिवा ड्रायव्हरला दिसतो, इथे तो बघायला कोणी नाही. ऑइल प्रेशर पडलं किंवा पाणी तापलं की लिव्हर आपोआप ओढणारा सोलेनॉइड (विजेवरचा खटका) जनरेटरवाल्यांकडे मिळतो.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. काल संध्याकाळी बॅटरी घेऊन पाहिलं. नळी नाही, पंपाचं टोपण बंद आहे. म्हणजे गव्हर्नर गाडीचाच. आज पंप उतरवतोय. क्रँक पुलीवर आणि पंपाच्या फ्लँजवर जुळणाऱ्या खुणा खडूने न करता छिन्नीने घेतल्यात.

स्टॉपची दोरी आजच बांधली. पोराच्या आईने स्वतः दोनदा ओढून पाहिली. इंजिन चार-पाच सेकंदांत थांबतं, पण क्लच दाबलेला असेल तर बँडसॉची चाकं त्यानंतर मिनिटभर फिरत राहतात. तिथे ब्रेक लावायचा म्हणतोय. खालच्या चाकाच्या शाफ्टवर जीपचाच मागचा ब्रेक ड्रम बसवला तर चालेल का, की ब्रेक जोरात लागल्यावर पातं चाकावर घसरेल? कोणी असं केलं असेल तर फोटो टाका.