नवा सुपरवायझर आणि पोरांचा भरवसा

प्रश्न असा, की सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत नवा सुपरवायझर हुशार असूनही मशीनवरची पोरं त्याच्यावर भरवसा का ठेवत नाहीत. कारण तो येण्याआधीच 'साहेब कसा असावा' हे त्यांच्या मनात ठरलेलं असतं. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये विश्वासाचे तीन आधार मांडले: कामातली जाण, आपुलकी, सचोटी. नवखा साहेब बहुतेकदा पहिलाच सिद्ध करत बसतो. जुना ऑपरेटर तिसरा बघतो. ओव्हरटाइम तोंडी कबूल केला आणि हजेरीत चढलाच नाही, की संपलं. म्हणून पहिल्याच आठवड्यात एकेकाला मशीनपाशी गाठून विचारावं, 'आधीच्या साहेबांचं काय पटायचं, काय खटकायचं?' जमणार नाही ते तिथंच सांगून टाकावं. सगळ्यांना एकत्र बसवलं तर कुणी तोंड उघडत नाही. आणि रिजेक्शन आलं, म्हणजे माल नापास झाला, तर आधी जॉबचं (बनवलेल्या भागाचं) माप स्वतः मायक्रोमीटरने घ्यावं, मग बोलावं.