आधी काय टिपायचंय ते ठरवा

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला डीएसएलआर विकून कूल्ड कॅमेरा (सेन्सर थंड ठेवणारा खास कॅमेरा) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात विकू नका. आकाशगंगेचा पट्टा, देवयानी दीर्घिका, कृत्तिका यांना डीएसएलआर छान पुरतो. अडचण येते ती लाल तेजोमेघांत. त्यांतल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची फिल्टरची काच त्यातला बराचसा अडवते. वांगणीला मी हॉर्सहेडवर (मृगातला, घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा काळा मेघ) दोन-दोन मिनिटांची चाळीस एक्स्पोजर घेतली. ती एकावर एक रचून एकत्र, म्हणजे स्टॅक, केल्यावर मागचा लाल पडदा जेमतेम फिकट गुलाबी आला. ती काच बदलून घेतलेल्या मित्राच्या कॅमेऱ्यात तोच पडदा लखलखीत!

कूल्ड कॅमेऱ्याचा खरा फायदा आपल्या उकाड्यात कळतो. सेन्सर उणे पाच अंशांवर धरून ठेवता येतो, नॉइज (फोटोतले नको असलेले ठिपके) कमी होतो, आणि एकदा घेतलेल्या डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेले, नॉइज वजा करायला वापरायचे फोटो) पुन्हा वापरता येतात. पण लॅपटॉप आणि बारा व्होल्टची बॅटरी माळरानावर वाहून न्यायची तयारी हवी.

गुरू-शनीसाठी मात्र छोट्या सेन्सरचा, भराभर फ्रेम घेणारा प्लॅनेटरी कॅमेराच घ्या.

तुमचा माउंट (दुर्बीण-कॅमेरा पेलणारा आधार) कोणता आहे? तो डळमळीत असेल तर पैसे आधी तिथे घाला.